तापीचं पाणी, टोमॅटोची मुळं

सुरतेत हरितगृह बांधायचं ते उबेसाठी नव्हे, सावलीसाठी. हे एकदा मनात पक्कं झालं की निम्मं काम झालं. हॉलंडमधल्या वेस्टलँड भागातली काचेची घरं टोमॅटोला थंडीपासून आणि काळोख्या हिवाळ्यापासून सांभाळतात. आपल्याकडे एप्रिलात तसल्या बंद काचघरात रोप ठेवलं तर दुपारपर्यंत ते मान टाकील. म्हणून माझ्या गच्चीवरच्या हरितगृहाला काच नाही. लोखंडी पाइपांचा सांगाडा आहे, डोक्यावर अर्धं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट आहे, बाजूंना पांढरी माशी आत येऊ नये म्हणून बारीक विणीची जाळी आहे, आणि पावसाळ्यापुरता वरून ओढून घ्यायचा यूव्ही प्लास्टिकचा कागद. सुरतेत वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टोमॅटोला तो मार सोसत नाही. पान सतत ओलं राहिलं की करपा आलाच. दुपारी डुमसच्या बाजूनं समुद्राचा वारा सुटतो. तो आडवा आरपार जावा, एवढं बघून सांगाड्याची दिशा ठरवली.

टोमॅटोचे रानटी नातलग आजही दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडच्या उतारांवर वाढतात. मेक्सिकोतल्या लोकांनी त्याची शेती केली, स्पॅनिश जहाजांनी त्याला युरोपात नेलं, आणि पोर्तुगिजांबरोबर तो आपल्या किनाऱ्याला लागला. एवढा प्रवास झाला, पण रात्री गारवा हवा ही मूळची सवय त्यानं सोडली नाही. दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्र २२ अंशांच्या वर राहू लागली की परागकण निकामी होतात. फूल देठाच्या सांध्याशी पिवळं पडतं आणि गळतं. झाड हिरवंगार, उंच, निरोगी, आणि फळ मात्र नाही. अशा वेळी लोक खत वाढवतात, टॉनिक फवारतात. झाडाला त्यातलं काही नको असतं. त्याला थंड रात्र हवी असते आणि ती बाजारात मिळत नाही.

सुरतेची थंड रात्र नोव्हेंबरात येते आणि फेब्रुवारीअखेर निघून जाते. म्हणून आमच्याकडचं टोमॅटोचं वेळापत्रक मी सणांवर बसवलं आहे. गणपतीत बी टाकायचं, घटस्थापनेच्या सुमारास रोपं बादल्यांत लावायची. दिवाळीच्या पणत्या लागतात तेव्हा पहिली पिवळी फुलं दिसतात. डिसेंबरात, पोंक म्हणजे भाजलेली कोवळी ज्वारी विकणाऱ्यांच्या चुली तापीकाठी पेटलेल्या असतात आणि घरोघर उंधियूसाठी पापडी निवडली जाते, तेव्हा पहिला टोमॅटो लाल होतो. संक्रांतीला झाड भरात असतं, होळीला उतरणीला लागतं. वर्षभर टोमॅटो घेण्याचा हट्ट इथे धरू नये. चेरी टोमॅटो उन्हाला थोडा अधिक टिकतो, तो एप्रिलपर्यंत ओढता येतो; मोठ्या फळाच्या जातींना होळीनंतर निरोप द्यावा हे बरं.

घटस्थापनेवरून आठवलं. नवरात्राच्या आदल्या दिवशी लिंबायत-दिंडोलीच्या बाजारात बाया घटासाठी काळी माती विकत घेत असतात. खानदेशातून आलेल्या या बाया. कुणाचं माहेर अमळनेर, कुणाचं शिरपूर, कुणाचं शहादा. ज्यांच्या वडिलांच्या शेतात ही माती कमरेएवढी खोल होती, त्या इथे ती ओंजळभर, पिशवीत बांधलेली, पैसे मोजून नेतात. यात दुःख आहे आणि निष्ठाही आहे. आमच्या उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारची इतकी माणसं आहेत की रिक्षात अहिराणी ऐकू येते आणि महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग भरतात. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी साडीच्या दुकानात. खानदेशात कापूस पिकतो, पण इथले बहुतेक माग पॉलिएस्टरचं सूत विणतात. म्हणजे बापाच्या कापसाचा आणि मुलाच्या मागाचा धागासुद्धा जुळत नाही. जुळते ती फक्त नदी.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. चांगदेवला पूर्णेला पोटात घेते, भुसावळजवळून जाते, पुढे गिरणा, बोरी, पांझरा येऊन मिळतात, सारंगखेड्याला घोड्यांच्या बाजाराशेजारून वाहते, प्रकाशाच्या घाटाला लागते, उकाईच्या धरणात थांबते आणि मग सुरतेला येते. ७२४ किलोमीटरचा हा प्रवास. उधन्याहून नंदुरबार, अमळनेरमार्गे जळगावला जाणारी आमची रेल्वेही याच खोऱ्यातून चालते. माझ्या गच्चीवरच्या टाकीत महापालिकेचं जे पाणी चढतं ते याच नदीचं. खानदेशातली काळी माती इथे आली नाही, पण तिच्यावरून वाहिलेलं पाणी रोज येतं. टोमॅटोच्या मुळांना मी जे पाजतो ते तेच पाणी, आणि ही गोष्ट मला मोलाची वाटते.

मातीशिवाय टोमॅटो म्हटलं की पुष्कळांना ते परकं, प्रयोगशाळेतलं वाटतं. शेजारच्या काठियावाडी बा पहिल्यांदा वर आल्या, बादल्यांकडे बघून म्हणाल्या, "आमां माटी क्यां छे?" मी एका बादलीचं झाकण उचलून मुळं दाखवली. पांढरीशुभ्र, शेवयांसारखी, खालपर्यंत लोंबलेली. बा वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, एवढी मुळं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. खरंच आहे ते. शेतकरीसुद्धा झाडाचा वरचा अर्धा भागच बघत असतो. खालचा अर्धा बघायला मिळतो तो इथे.

पण खानदेशातल्या माणसाला यात परकं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडचा रावेर-यावलचा केळीवाला शेतकरी हे निम्मं शास्त्र हातावर खेळवतो. इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांनी १९६०च्या दशकात ठिबकची पद्धत उभी केली. पुढे भवरलाल जैन यांनी जळगावात ती रुजवली आणि खानदेशच्या केळीचं रूप पालटलं. आज गावातला शेतकरी सकाळी टाकीत विद्राव्य खत कालवतो आणि ड्रिपमधून सोडतो. १९:१९:१९, १२:६१:००, ००:५२:३४, १३:००:४५ हे आकडे त्याला पाढ्यांइतके पाठ असतात. माती परीक्षणाच्या कागदावर सामू आणि ईसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण, कुठे बघायचं हे त्याला कळतं. मातीविना शेती म्हणजे हेच ठिबक, फक्त माती काढून घेतलेलं. मातीच्या जागी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, आला की झालं. सुरतेत मागावर उभ्या राहिलेल्या पोराला गावाकडे बापाबरोबर ठिबकात खत सोडणारी व्हेंचुरी जोडल्याची आठवण असेल, तर तो हे काम शहरातल्या पदवीधरापेक्षा लवकर शिकेल.

या विद्येचा उगमही मोठा साधा आहे. जर्मनीत १८६०च्या सुमारास युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी काचेच्या बरण्यांत, पाण्यात क्षार विरघळवून रोपं वाढवली. झाडाला मातीतून नेमकं काय लागतं हे त्यांना शोधायचं होतं. भाजी पिकवणं हा त्यांचा हेतूच नव्हता. ते काम कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विल्यम गेरिक यांनी केलं. १९३०च्या दशकात त्यांनी पाण्याच्या हौदांवर टोमॅटोचे वेल इतके उंच वाढवले की फळं तोडायला शिडी लागे. साऱ्या अमेरिकेत बोलबाला झाला. त्याच विद्यापीठातले डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी मग शांतपणे तपासून पाहिलं आणि १९३८मध्ये लिहिलं की चांगल्या मातीत आलेलं पीक आणि पाण्यातलं पीक यांत उत्पन्नाचा किंवा पोषणाचा फारसा फरक नसतो. त्यांच्या नावाचं द्रावण आज जगभर वापरलं जातं. पाण्यातला टोमॅटो मातीतल्यापेक्षा श्रेष्ठ आहे असं म्हणून महागडी यंत्रं खपवणाऱ्यांनी त्यांचं ते पत्रक वाचावं. पाण्याची शेती ही माती नसलेल्या जागेसाठी आहे. पॅसिफिकमधल्या वेक बेटावर विमानप्रवाशांसाठी भाजी अशीच पिकवली गेली, कारण तिथे मातीच नव्हती. माझ्या गच्चीवरही नाही.

आपल्या देशातलं उदाहरण तर मला सर्वांत जवळचं वाटतं. १९४६च्या सुमारास दार्जिलिंग जिल्ह्यात, कालिंपाँगला, जेम्स शोल्टो डग्लस या माणसानं गरीब घरांना जमेल अशी पद्धत बसवायला घेतली. पंप नाही, काच नाही, महागडं काही नाही. साध्या पन्हळीत खडी आणि वाळू, त्यावर मोजून घातलेले क्षार आणि पाणी. १९५१मध्ये त्यांचं 'हायड्रोपोनिक्स : द बेंगॉल सिस्टीम' हे पुस्तक आलं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, बंगालच्या दुष्काळाला फार वर्षं लोटलेली नसताना, घराच्या छपरावर भाजी पिकवण्याचा विचार कुणीतरी इतक्या मनापासून करत होतं, याचा आपल्याला विसर पडला आहे. आज मातीविना शेती म्हटलं की डोळ्यांपुढे जांभळे दिवे आणि वातानुकूलित खोल्या येतात. डग्लस यांची खडीची पन्हळ यायला हवी होती.

आता सुरतेच्या उन्हाबद्दल. पांढऱ्या पाइपांत पाण्याची पातळ धार खेळवायची, ती पद्धत चित्रात फार सुंदर दिसते आणि कोथिंबीर, लेट्यूस यांना ठीकही आहे. टोमॅटोसाठी सुरतेच्या गच्चीवर ती मी कुणाला सुचवणार नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. आणि नेमकं गरम झाल्यावर मुळांना प्राणवायू जास्त लागतो. ही ओढाताण सुरू झाली की मुळं तपकिरी होतात, बुळबुळीत होतात, त्यांना वास येतो, आणि मुळं पाण्यात असूनही वरची पानं तहानेनं कोमेजतात. त्यात पंप बंद पडला की धारेवरच्या झाडाजवळ साठवलेलं काहीच नसतं.

त्यापेक्षा वीस लिटरची रंगाची बादली बरी. आमच्याकडे बांधकामं कधी थांबत नाहीत, त्यामुळे अशा रिकाम्या बादल्या भंगारवाल्याकडे ढिगानं मिळतात. नीट घासून घ्यायच्या, तळापासून दोन बोटं वर एक भोक पाडायचं म्हणजे खाली थोडं पाणी राहतं आणि जास्तीचं निघून जातं, आणि कोकोपीट भरायचं. त्यात भाताची तुसं मिसळली की हवा खेळते. कोकोपीट किनाऱ्याकडच्या नारळांचं असतं, त्यात मीठ असतं. ते दोनतीनदा स्वच्छ पाण्यात धुवावं आणि एकदा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून ठेवावं. हे केलं नाही तर काथ्या स्वतःच कॅल्शियम धरून बसतो, झाडाला देत नाही, आणि फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो रोग नव्हे, उपासमार आहे. पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही, असं झालं तरी तेच होतं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. भर उन्हात मोठं झाड दिवसाला दोनतीन लिटर पाणी सहज पितं. बादल्यांना बाहेरून चुना फासावा किंवा ओलं गोणपाट गुंडाळावं. काळी बादली तर उन्हात ठेवूच नये.

खतं दोन टाक्यांत वेगळी कालवावी लागतात. एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. घट्ट द्रावणं थेट एकत्र केली की कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेटची जोडी जमून पांढरा गाळ खाली बसतो आणि झाडाच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून पाण्यात आधी एक पूर्ण विरघळवायचं, मग दुसरं. रोप लहान असताना पातळ, फुलं आली की थोडं दाट. ईसी दोनच्या पुढे, तीनच्या आसपास. सामू साडेपाच ते साडेसहा. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवावं म्हणजे क्लोरीन उडून जातं. बोअरचं पाणी मात्र तपासल्याशिवाय वापरू नये. सिंगणपोरच्या कॉजवेखाली भरतीचं खारं पाणी नदीत चढतं, आणि समुद्राकडच्या वस्त्यांत जमिनीखालचं पाणीही खारटच लागतं. पाण्याच्या शेतीत पाणी हीच जमीन आहे. जमीन बघितल्याशिवाय कुणी शेत घेत नाही.

टोमॅटो वर चढवायचा तर आधार हवा. गावाकडे तार-बांबू-सुतळी असते. सुतळी खोडात रुतते. सुरतेत त्याला सुंदर तोड आहे, साड्यांच्या काठांच्या चिंध्या. कापड बाजारात कापणीतून निघालेल्या या पट्ट्या मऊ असतात, रुंद असतात, पॉलिएस्टरच्या असल्यामुळे ऊन-पावसात कुजत नाहीत. माझी झाडं जांभळ्या, गुलाबी, जरीच्या पट्ट्यांवर उभी आहेत. बादलीत खालून पाणी ओढून घेणारी वात करायची असेल तर मात्र सुती कापडच हवं. पॉलिएस्टर पाणी नीट ओढत नाही. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट आठवड्याला खुडावी लागते. ते करताना बोटांना हिरवट पिवळा चीक लागतो, साबणाचा फेससुद्धा हिरवा होतो, आणि त्याचा उग्र, ताजा वास संध्याकाळपर्यंत हातांना राहतो. ज्यानं तो वास एकदा घेतला त्याला बाजारातला टोमॅटो हुंगायची सवय लागते, आणि बहुतेकदा त्याला काहीच वास येत नाही.

जाळीनं पांढरी माशी बाहेर राहते. ते फार गरजेचं आहे, कारण पानं आकसवणारा पर्णगुच्छाचा विषाणू तीच आणते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का रक्षक' ही जात या विषाणूला, मररोगाला आणि करप्याला पुष्कळ तोंड देते, म्हणून नवख्यांना मी तीच सांगतो. पण जाळी भुंग्यालाही बाहेर ठेवते. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, तरी ते पराग नळकांड्यात बंद असतात. ते थरथरवल्याशिवाय सांडत नाहीत. लाकूड पोखरणारे आपले काळे भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग झाडतात. मधमाशीला हे जमत नाही. युरोपात १९८०च्या दशकाअखेर काचघरांत भुंग्यांच्या पेट्या ठेवायला लागले, तोपर्यंत माणसं हातानं फुलं हलवत. मीही हातानंच हलवतो. सकाळी दहाच्या सुमारास, दव वाळल्यावर, आधाराच्या पट्टीवर टिचकी मारत ओळीतून जायचं. खाली गल्लीत लूमची खटखट चालू असते, वर पराग झडत असतात.

जानेवारीच्या १४ आणि १५ तारखेला मात्र हरितगृह सांभाळावं लागतं. उत्तरायणाला सुरतेत खाली कुणी राहत नाही. सगळं शहर गच्चीवर येतं. स्पीकर, चिक्की, उंधियू, आणि दर मिनिटाला "काइपो छे"ची आरोळी. कापलेले पतंग शेडनेटवर पडतात, मांजा जाळीत गुंततो आणि ओढला की शेंड्यासकट कापून नेतो. त्या दोन दिवसांत मी शेंडे खाली वाकवून बांधतो आणि मुलांना ताज्या टोमॅटोचं वाण देतो. ऊन कोवळं असतं, फळं पिकलेली असतात, आणि गच्चीवर काठियावाडी, खानदेशी, ओडिया, उत्तर भारतीय सगळे असतात. खाली उतरल्यावर काठियावाडी घरात शेव-टमेटांचं शाक शिजतं आणि आमच्या घरात काळ्या मसाल्याची शेवभाजी. दोन्हींत त्याच बादलीतले टोमॅटो. आणि थंडीत डुमसची टोमॅटोची भजी खाल्ली नाहीत तर सुरतेत राहून काय केलं? जाड चकतीवर हिरवी चटणी थापून, बेसनात बुडवून तळलेली. त्या भज्याला घट्ट गराचा, कमी पाण्याचा टोमॅटो लागतो. आपल्या बादलीतला चालतो, एवढंच सांगतो. तोडलेलं फळ फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. बारा अंशांखाली गेलं की त्याचा सुगंध मरतो.

एवढ्या कष्टानं जे येतं ते बाजारात कितीला मिळतं, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हिशेबानं पाहिलं तर डिसेंबरात टोमॅटो स्वस्त असतात, तेव्हाच माझेही पिकतात. पैसे वाचत नाहीत. पण नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात काय चालतं हे मला आता वेगळं दिसतं. जुलै २०२३मध्ये किलोला शंभराच्या वर भाव गेला तेव्हा शहरात केवढी ओरड झाली. तोच भाव कोसळतो आणि शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओततो, तेव्हा ओरडणारे गप्प असतात. २०२०च्या उन्हाळ्यात सातारा, नगरकडच्या टोमॅटोवर विषाणू आला, फळं तीन रंगांची होऊन आतून काळवंडली, शेतकरी त्याला 'तिरंगा' म्हणाले. उभी पिकं उपटावी लागली. मी एका बादलीतल्या झाडाची पानं आकसली तर रात्री टॉर्च घेऊन वर जातो. त्या शेतकऱ्यानं दोन एकर तसं बघितलं असेल. त्याच्या मालाला भाव मिळालाच पाहिजे, हे मी आता आतून बोलतो.

गच्चीवर एका कडेला माझ्या मातीच्याही कुंड्या आहेत, आणि त्या मी सोडणार नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा करून सांगितलं की माती विकत आणायची नसते, पालापाचोळ्यातून, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून ती घडवायची असते. पानानं किती सूर्यप्रकाश पकडला हा शेतीचा खरा हिशेब. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांच्या पुस्तकाचं नाव, आणि हा गणिताचा माणूस त्या नावावर ठाम होता. त्यांचं म्हणणं आणि मातीविना शेती ही दोन टोकं आहेत असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. माझ्या बादल्यांतून निथळलेलं खताचं पाणी गटारात जात नाही; ते पातळ करून मातीच्या कुंड्यांतल्या वांग्यांना आणि अळूला जातं. खुडलेल्या निरोगी फुटव्यांचं कुंड्यांवर आच्छादन होतं. वापरून झालेलं कोकोपीट तीनचार हंगामांनी मातीत मिसळतो. गच्चीवरच माती तयार होते आहे, हळूहळू. मागच्या नवरात्रात शेजारच्या खोलीतल्या दोघी ताईंनी घटासाठी ती माझ्याकडून नेली.

गच्चीवरच्या वजनाचं एक सांगून ठेवतो. ओल्या मातीची वीस लिटरची बादली तीस किलोच्या वर भरते; कोकोपीटची त्याच्या जवळपास निम्मी. बादल्या मधोमध ठेवू नयेत, भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवाव्यात, आणि खाली विटा घालाव्यात म्हणजे स्लॅब कोरडा राहतो. ऑगस्ट २००६मध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि तापी घराघरांत शिरली, तेव्हा या शहरानं कित्येक दिवस गच्च्यांवर काढले. त्या पुरानंतर आमच्या गल्लीत गच्चीला कुणी अडगळीची जागा म्हणत नाही.

लिंबायतच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला गच्ची नसते हे मला ठाऊक आहे. घरमालक कुलूप लावतो. पण व्हरांड्याच्या कठड्याशी चार-पाच तास ऊन येत असेल, तर एक बादली तिथे मावते आणि चेरी टोमॅटोचं एक झाड तिच्यात चांगलं वाढतं. पंप नको, जाळी नको, मीटरही नको. धुतलेलं कोकोपीट, थोडं गांडूळखत आणि आठवड्यातून एकदा चिमूटभर विद्राव्य खत पाण्यातून. खानदेशातून आलेल्या माझ्या भावाबहिणींना माझी विनंती आहे की यंदा गणपतीत बी टाका. रोप चार पानांचं झालं की बादलीत लावताना खोड निम्म्यापर्यंत गाडा, कारण टोमॅटोच्या खोडाला जिथे ओल लागेल तिथे नवं मूळ फुटतं.